बिनवजनाची ऊब

पुण्याची थंडी दिवसाचे दोन तुकडे करते. डिसेंबरात पहाटे पारा १०-११ अंशांपर्यंत उतरतो. दूध आणायला निघालेली माणसं कानटोपी ओढून, हात काखेत खुपसून चालतात. त्याच दिवशी दुपारी पारा तिशीला टेकतो आणि रस्त्याची सावलीची बाजू धरावी लागते. अशा हवेत जाड लोकरीचा बंद गळ्याचा स्वेटर दहाच्या आतच अंगातून निघतो आणि उरलेला दिवस कमरेला बांधून किंवा पिशवीत कोंबून वागवावा लागतो. तरी घरोघरी विणले गेले ते तसेच स्वेटर. नमुन्यांची पुस्तकं थंड मुलखांतून आलेली, आणि ‘काय भरगच्च झालाय!’ ही आपल्याकडे विणकामाला मिळणारी सगळ्यांत मोठी दाद. माझं मत मात्र विणता विणता पक्कं होत गेलं आहे. आपल्या हवेला शोभते ती हलकी, तलम लोकर. आणि ती निवडायला जास्त विचार लागतो. जाड लोकरीत बरंच काही झाकून जातं, बारीक धाग्यात त्याचा स्वभाव उघडा पडतो.

हलकं म्हणजे कमी उबदार, हा समज पहिल्यांदा बाजूला ठेवायला हवा. मेंढीच्या लोकरीचा तंतू सरळ नसतो, तो मुळातच नागमोडी असतो. असे असंख्य तंतू एकत्र पिळले तरी ते एकमेकांना घट्ट चिकटत नाहीत. मध्ये फटी राहतात आणि त्या फटींत हवा अडकते. ऊब देते ती ही जागच्या जागी थांबलेली हवा, लोकर तिला फक्त धरून ठेवते. म्हणून घट्ट पिळाचा, जड, दडपून विणलेला स्वेटर वजनाच्या मानानं ऊब कमी देतो, आणि सैल विणीची पातळ शाल पहाटेच्या गारठ्याला पुरून उरते.

याचा सगळ्यांत सुंदर दाखला रशियातल्या ओरेनबुर्गचा आहे. उरल पर्वतरांगेच्या दक्षिणेकडचा हा मुलूख, हिवाळ्यात हाडं गोठवणारा. तिथल्या शेळ्यांना राठ केसांच्या खाली अतिशय मऊ लव येते, ती विंचरून काढतात. प्योत्र रिचकोव्ह या अभ्यासकानं १७६६ साली शेळ्यांच्या या लोकरीवर निबंध लिहिला आणि ती कला बाहेरच्या जगाच्या नजरेत आली. इतक्या कडाक्याच्या थंडीतल्या बायकांनी विणायला घेतल्या त्या जाळीदार, अंगठीतून आरपार जाणाऱ्या शाली! मला त्या शालींपेक्षाही त्यांचा धागा जास्त मोहवतो. शेळीच्या लवेचा तंतू आखूड आणि नाजूक, एकट्यानं ताण सोसणारा नव्हे. म्हणून लवेचा एक पदर कातून तो रेशमाच्या बारीक धाग्यासोबत पिळतात. रेशीम ओढ सोसतं, लव हवा धरते. शाल वापरात आली की लव हळूहळू फुलून वर येते आणि रेशीम तिच्याखाली दिसेनासं होतं. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर, विशेषतः उन्स्टमध्ये, अशाच अंगठीतून जाणाऱ्या शाली निव्वळ मेंढीच्या लोकरीच्या विणल्या गेल्या. त्यासाठी मानेजवळची सर्वांत मऊ लोकर हातानं उपटून घेत. ती वाटही मोठी आहे. पण मिश्र लोकर कशी असावी हे समजून घ्यायचं तर मी ओरेनबुर्गकडेच बघते.

कारण तिथे दोन्ही पदरांना आपापलं काम नेमून दिलेलं आहे. लडीवरचा कागद वाचताना मी तेच शोधते. मोज्यांच्या लोकरीत ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असतं, ते टाच लवकर विरू नये म्हणून. मोहेर-रेशमाच्या २५ ग्रॅमच्या गोळ्यात २१० मीटर धागा भरतो. आत रेशमाचा कणा आणि भोवती शेळीच्या पिल्लांच्या केसांची धुकट झालर. सूत आणि लोकर निम्मेनिम्मे असतील तर सुताचा थंडावा आणि लोकरीची लवचीकता एकत्र येते. या सगळ्यांत हिशेब आहे. पण एखाद्या लडीवर ५ टक्के कॅशमिअर असं ठळक अक्षरात लिहिलेलं असतं आणि बाकी ९५ टक्क्यांत ॲक्रिलिक. तिथे त्या ५ टक्क्यांनी काय करावं? त्यांच्यामुळे ना ऊब वाढते, ना मऊपणा, वाढते ती किंमत. अशी लडी मी परत ठेवते. ज्या तंतूचं काम मला सांगता येत नाही, त्याचे पैसे का द्यायचे?

दुकानात आपण प्लायची भाषा बोलतो. तुळशीबागेत ‘तीन प्लाय दाखवा’ म्हटलं की बाळाच्या कपड्यांची लोकर समोर येते. पण प्लाय म्हणजे धाग्यात किती पदर पिळलेत एवढंच. दोन जाड पदर चार बारीक पदरांहून भारी भरू शकतात. भरवशाचं माप म्हणजे १०० ग्रॅममध्ये किती मीटर. चार प्लायची लोकर १०० ग्रॅमला ४०० मीटरच्या आसपास जाते, डबल निट २०० ते २३० मीटर, आणि शालीसाठीची अगदी बारीक लोकर ८०० मीटरपर्यंत. सुयांचा हिशेब आपल्याकडे जुन्या इंग्रजी नंबरांनी चालतो आणि तो उलटा आहे: १२ नंबरची सुई २.७५ मिलिमीटर, १० नंबरची सव्वातीन, ८ नंबरची ४. बारीक धागा जाड सुईवर घेतला की टाक्यांत मोकळी जागा राहते, त्या जागेत हवा, आणि त्या हवेत ऊब.

आता ॲक्रिलिकबद्दल. लोकर मागितली की दुकानात बहुतेक वेळा तेच हातात येतं. लुधियानाच्या गिरण्यांतून येणारे ते रंगीबेरंगी गोळे स्वस्त, वजनाला हलके, मशीनमध्ये टाकता येणारे. त्यांना कसर लागत नाही. कितीतरी घरांतल्या मुलांची थंडी त्यांनीच निभावली आहे आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण ॲक्रिलिक घाम शोषत नाही. खरी लोकर आपल्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत दमटपणा पोटात घेते तरी अंगाला ओली लागत नाही, आणि ओल शोषताना स्वतः थोडी उष्णताही देते. सकाळी गारठा आणि दुपारी घाम अशा हवेत हा फरक अंगाला लगेच कळतो.

एखाद्या लडीबद्दल शंका असेल तर मी वीतभर धागा तोडून चिमट्यात धरते, खाली स्टीलची ताटली ठेवते आणि टोक मेणबत्तीच्या ज्योतीला लावते. लोकर पेटायला कुरकुर करते. टोक ज्योतीपासून आक्रसून मागे सरतं, केस जळल्याचा उग्र वास येतो, आणि ज्योत दूर केली की धागा आपला आपणच विझतो. मागे उरते ती काळी ठिसूळ राख, बोटांत धरली की तिचा भुगा होतो. रेशीमही साधारण असंच वागतं. सूत मात्र झटकन पेट घेतं, कागद जळल्यासारखा वास, पांढुरकी राख. ज्योत विझली तरी टोकाशी लाल ठिणगी रेंगाळत राहते. ॲक्रिलिक आधी वितळतं, मग तडतडत जळतं, काळा धूर सोडतं, आणि ताटलीत काळा टणक मणी पडतो, नखानंही न फुटणारा. मिश्र लोकर असेल तर राखेत बोट फिरवावं. भुग्यामध्ये बारीक मणी लागले की कळायचं ते कळतं.

या परीक्षेमुळेच बाळंतविड्यासाठी लोकर घेताना मी फार कडक होते. आपल्याकडे अजून कितीतरी घरांत बाळ-बाळंतिणीला शेक देतात. शेगडीत निखारे, त्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग. त्या धुरीवर बाळाला क्षणभर धरायचं, मग गुंडाळून कुशीत घ्यायचं. ती शेगडी हवी की नको यावर डॉक्टर आणि आज्यांचं एकमत होणार नाही, पण जिथे शेगडी आहे तिथे बाळाच्या अंगावर ॲक्रिलिकचं काही नसावं, हे मी हात जोडून सांगते. एक उडालेली ठिणगी पुरते. वितळलेलं ॲक्रिलिक कातडीला चिकटून बसतं. लोकर तिथल्या तिथे काळी पडून विझायला बघते. सूत झटकन पेटत असल्यामुळे तेही शेगडीपासून लांबच बरं.

लहान बाळाला मोहेर नको, अंगोराही नको. कुलूकडच्या अंगोरा सशांची लोकर हाताला स्वर्गीय लागते, पण तिचे बारीक केस सुटतात आणि बाळाच्या नाकातोंडात जातात. मोठ्या जाळीची वीणही टाळावी, कारण तान्ह्यांची बोटं इतकी बारीक असतात की भोकात अडकतात आणि ओढली जातात. मला सगळ्यांत पसंत आहे ती १८-१९ मायक्रॉन जाडीच्या तंतूची मरिनो मेंढीची लोकर, तीन किंवा चार प्लाय. मशीनमध्ये धुता येणारी मरिनो मिळते. तिच्या तंतूवरचे खवले क्लोरिनची प्रक्रिया करून मंद केलेले असतात आणि वर राळेचा अतिशय पातळ लेप असतो, म्हणून ती आटून घट्ट होत नाही. रात्रंदिवस जागणाऱ्या आईला ‘हे हातानंच धू बरं’ असं सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं, त्यामुळे इथे मी बिनदिक्कत प्रक्रिया केलेली लोकर घेते. एवढंच लक्षात ठेवायचं की ओली झाल्यावर ती लांबते. दोरीवर लटकवू नये, टॉवेलवर आडवी पसरावी.

मार्चनंतर जन्मणाऱ्या बाळांसाठी निम्मं सूत, निम्मी लोकर. इथे पुष्कळ जणी शुद्ध सुताकडे वळतात आणि मला त्याचं कारण समजतं, पण सुताला स्वतःची अडचण आहे. ते लोकरीपेक्षा जड असतं. तेवढ्याच जाडीचा सुती धागा वजनाला जास्त भरतो, आणि कपडा स्वतःच्या भारानं खाली ओघळतो. शिवाय त्याला लवचीकता जवळजवळ नाही. कोरडा लोकरतंतू स्वतःच्या लांबीच्या सुमारे ३० टक्के ताणला तरी तुटत नाही आणि सोडला की बराचसा परत येतो. सुताचा तंतू त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकाही ताण घेत नाही. म्हणून शुद्ध सुती झबल्याच्या मनगटाची ‘एक सुलट, एक उलट’ बॉर्डर दोन धुण्यांत सैल पडते. त्यात लोकर मिसळली की ती बॉर्डरला पुन्हा मनगटाशी आणते. हल्ली बांबूची म्हणून जी लोकर मिळते ती बांबूच्या लगद्यापासून रसायनांनी बनवलेलं व्हिस्कोस आहे. चमकदार, थंड, स्पर्शाला लोभस. पण जड आणि ओलं असताना कमजोर. तिला लोकरीची जोड असेल तरच मी तिच्या वाटेला जाते.

‘मला लोकरीची ॲलर्जी आहे’ असं खूप जण सांगतात. बहुतेकांना लोकर टोचते, एवढाच त्याचा अर्थ असतो. सुमारे ३० मायक्रॉनहून जाड तंतूचं टोक कातडीवर दाबलं गेलं की वाकत नाही, रुततं. कपड्यात असे तंतू ५ टक्क्यांहून जास्त असले की अंग खाजायला लागतं. त्याहून बारीक तंतू वाकून जातो आणि कातडीला तो आल्याचं कळतही नाही. म्हणून लोकर हातात घेऊन पारखू नये, हाताची कातडी निबर असते. गोळा हनुवटीखाली, मानेच्या कडेला दाबून धरावा आणि क्षणभर थांबावं.

आपली दख्खनी मेंढी या कसोटीला उतरत नाही. धनगरांच्या वाड्यांबरोबर माळरानं तुडवणाऱ्या या काळ्या मेंढीची लोकर भरड, केसाळ, टोचणारी. पण तिला खालच्या पायरीवर बसवणं मला अजिबात मान्य नाही. सनगर मंडळी खड्डामागावर तिची घोंगडी विणतात, ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, आणि ती घोंगडी डोक्यावर खोळ करून घेतली की मेंढपाळ भर पावसात कळपामागे उभा राहू शकतो. तिचं काम सगळ्यांत बाहेर राहून वारापाऊस अंगावर घेण्याचं. ती अंगालगत यावी ही अपेक्षाच चूक आहे. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, तिला जावळ म्हणतात, त्यातल्या त्यात मऊ असते. कुणीतरी ती वेगळी निवडून, बारीक कातून, मरिनोसोबत एक पदर पिळून बघावी असं मला मनापासून वाटतं. काळा रंग तर तिचा असा आहे की रंगाऱ्याकडे जायलाच नको. ही लोकर कवडीमोलानं जाते किंवा नुसती पडून राहते आणि आपण परदेशी लोकरीच्या लड्या विकत घेतो, मीही घेते. याची मला चुटपुट आहे.

या हिवाळ्यात मी आत्यासाठी शाल विणते आहे. आत्यानं ऐंशी ओलांडली आहे. बासष्टच्या युद्धात तिनं कॉलेजातल्या मैत्रिणींबरोबर जवानांसाठी जाड लोकरीचे स्वेटर विणले होते, त्यामुळे भरगच्च लोकर काय असते हे तिला कुणी सांगायला नको. आता तिचा उजवा खांदा धरलेला आहे. घरातली जुनी शाल तिला सोसत नाही; स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर सहाशे ग्रॅमच्या वर भरली. ती म्हणाली, “अगं, पहाटे गार वाजतं गं, पण हिचं ओझं खांद्यावर घेतलं की दुपारपर्यंत दुखत राहतो.” मी मनाशी १५० ग्रॅमची मर्यादा घातली. बारीक लोकरीचा तेवढ्यात सव्वा किलोमीटरच्या आसपास धागा येतो, आणि खांद्यावरून घेऊन मांडीपर्यंत पोचणाऱ्या शालीला तो पुरतो.

तीन लड्या समोर ठेवल्या. मोहेर-रेशीम सर्वांत हलकं, पण आत्याला खोकल्याची उबळ येते, त्या धुकट केसांपाशी नाक न्यायला नको. दुसरी ७० टक्के मरिनो आणि ३० टक्के तुतीचं रेशीम. तिसरी हातानं कातलेली, ८० टक्के मरिनो आणि २० टक्के टसर. टसर आपल्या विदर्भातलं. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या जंगलांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर त्याचे किडे वाढतात. तुतीच्या रेशमाइतका त्याला झळाळ नाही, रंग अंगचाच मधाळ तांबूस, आणि स्पर्शात किंचित खडबड. लडीत तो सरळ रेघांसारखा उमटलेला दिसत होता, मरिनोच्या पांढऱ्या फुगीर पदरात मध्येच एखादी सोनेरी शीर.

दोन्ही लड्यांचे वीतभराचे नमुने ९ नंबरच्या सुईवर विणले, कोमट पाण्यात बुडवून सुकवले, मग आत्याला सांगितलं की एकेक नमुना एकेक दिवस ब्लाउजच्या गळ्याशी पिनेनं लावून ठेव. शिवाय प्रत्येकाची एक छोटी पट्टी तिच्या खांद्यावर नुसती टाकली आणि तिला घरात फिरू दिलं. तुतीच्या रेशमाची पट्टी दिसायला राजस होती, पण फिरताना दर थोड्या वेळानं ओघळायची. रेशमाचा तंतू गुळगुळीत, तो कशाला धरून राहत नाही. धडधाकट माणूस अशी शाल सहज सावरतो. धरलेल्या खांद्याच्या माणसाला तोच हात दहा वेळा वर न्यावा लागतो. टसरची पट्टी सुती साडीवर जिथे टाकली तिथेच बसली. मानेला टोचते का विचारलं तर आत्या म्हणाली, “टोचतंय कुठे, लावलीय हेच विसरले होते मी.”

मग जाळी ठरली. बाजारातल्या शालींना असतात तशी मोठी पानं नकोत, तिच्या पाटल्या अडकतील. म्हणून ‘दोरा पुढे, दोन टाके एकत्र’ एवढीच बारीक भोकं, आणि तीही दर चौथ्या ओळीला. दोन्ही कडांना साध्या सुलट टाक्यांची चार बोटं रुंद पट्टी, म्हणजे कड वळणार नाही. टाके बंद करायला ७ नंबरची सुई घेणार आहे, किनार आवळली गेली तर ताणताना शाल तोंड वाकडं करते. धुऊन, गादीवर चादर अंथरून, भोवती टाचण्या लावून ताणायची असते हे आत्याला पसंत नाही. तिचं म्हणणं, अंगावर घेऊन घेऊन ती आपोआपच हवी तेवढी ताणेल, टाचण्यांची काय गरज? तिच्या खांद्यापुरतं ते कदाचित होईलही. पण भोकं उघडतात ती पहिल्या ताणातच, आणि ती उघडली नाहीत तर हवेला जागा कुठली. तेव्हा टाचण्यांची डबी मी बरोबरच घेऊन जाणार आहे.